इंदूवहिनींचा मांडव

दुपार कलताना स्टुडिओतला फोन वाजला, तेव्हा मी एका नवरीमुलीला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगत होतो. पलीकडे अण्णा होते, माझे थोरले भाऊ. "इंदू गेली," ते म्हणाले. "तू ये." आणि फोन ठेवला. रिसीव्हर जागेवर ठेवायचं मला सुचलं नाही. बातमीमुळे की त्या नावामुळे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात अण्णांनी वहिनींचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. 'ही', 'तुझी वहिनी', फारच रागावले असतील तर 'बाई'... नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं. नवरीची माणसं बाहेर बाकावर खोळंबली होती म्हणून तिचे फोटो पुरे केले, शटर ओढलं आणि पालघरहून माहीमची एसटी धरली. माहीम म्हणजे आमचं केळव्याजवळचं, मुंबईतलं नव्हे.

वहिनींना मधुमेह होता, पण आजारी म्हणावं अशा त्या नव्हत्या. जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, जरा पडते म्हणून पडवीतल्या खाटेवर आडव्या झाल्या, आणि चहाच्या वेळी अण्णा उठवायला गेले तर... मी पोचलो तेव्हा आळीतल्या बायका जमल्या होत्या. अण्णा अंगणात उभे राहून, बांबू कुठून तोडायचे ते माणसांना सांगत होते. "मांडवाच्या बांबूंना हात लावू नका, मागच्या बेटातले घ्या," असं ते शांतपणे, पण पुन्हा पुन्हा म्हणत होते. कोणी त्या मांडवाकडे फिरकतही नव्हतं. त्याचे चार-सहा खांब तेवढे उरले होते आणि त्यांवरही रानवेली चढल्या होत्या. गावातल्या नव्या मुलांना तो काय होता हे आता सांगावं लागतं. महिना उलटून गेल्यावर मी हे लिहायला बसलो आहे, ते त्या मांडवासाठी.

वहिनी मूळच्या वाणगावच्या. वडिलांची चिकूची वाडी होती, पण मुलीने शास्त्राची पदवी घ्यावी असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी तिला मुंबईत वसतिगृहात ठेवलं. आमचे अण्णा मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. लग्नात दोन्हीकडच्या माणसांनी यावर हळू आवाजात बरंच बोलून घेतलं. या दोघांनी मात्र त्यावर कधी काही बोलल्याचं मला माहीत नाही. वहिनी पालघरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवू लागल्या आणि अण्णा वाडी बघत राहिले. वहिनी उंच, सडपातळ, पदर खांद्यावर पिनेने पक्का लावलेला. कमी बोलत. वर्गात त्यांचा आवाज चढल्याचं कोणाला आठवत नाही, पण त्या बाकांच्या मधून चालू लागल्या की मुलं पाय आत घेत. त्यांच्या स्वयंपाकाविषयी न बोललेलं बरं. भाजी करपली की त्या तवा शांतपणे उतरवत आणि "आज लोणचं घ्या" म्हणत. सुमन ही त्यांची एकुलती मुलगी. लाड असे तिचेही झाले नाहीत, पण तिला ताप आला की वहिनी रजा टाकून दिवसभर तिच्या उशाशी वह्या तपासत बसत.

आमच्या घरचं पिढीजात उत्पन्न म्हणजे विड्याची पानं. वाडीत पानवेलींचा मोठा मांडव होता. बांबूचे खांब, वर बांबूचीच चौकट, चहूबाजूंनी नारळाच्या झावळ्यांचा कूड, आत गार, ओलसर अर्धवट उजेड. सत्तरचं दशक संपता संपता वेलींच्या मुळांना कुज लागली. एका कोपऱ्यापासून पानं पिवळी पडत गेली. अण्णांनी राख टाकली, औषधं मारली, माती बदलली, माहितगारांना आणून दाखवलं... शेवटी सगळ्या वेली उपटून एका जागी जाळल्या आणि ते बोईसरला एका कारखान्यात कामाला लागले. तात्पुरते. त्या काळात आमच्या भागातले खूप जण असेच लागले होते. रविवारी घरी असले की अण्णा त्या रिकाम्या मांडवात उगाच एक फेरी मारून येत.

फुलपाखरांचा संबंध शाळेकडून आला. प्रयोगशाळेत काचेच्या पेट्या होत्या, त्यांत फुलपाखरं टाचणीने टोचून ठेवलेली. दर वर्षी मुलं नवी पकडून आणत. औषधाच्या बोळ्याची बरणी असे, तिच्यात टाकायची, हालचाल थांबली की थर्मोकोलवर पंख पसरून टोचायची. वहिनींनी हे वर्षानुवर्षं केलं होतं आणि नीट केलं होतं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्यांच्या पेट्यांचं कौतुक होत असे. एका सकाळी त्या प्रयोगशाळेत लवकर गेल्या, तर आदल्या दिवशी टोचलेलं एक फुलपाखरू पाय हलवत होतं. हे त्यांनी मला असंच सांगितलं, जेवता जेवता.

"औषध कमी पडलं असणार," त्या म्हणाल्या. "रात्रभर तसंच होतं ते."

"मग काय केलं तुम्ही?"

"काय करणार? टाचणी काढली. तोवर घंटा झाली."

त्यानंतर त्यांनी बरणी धुऊन कपाटात ठेवून दिली. मुलांना दाखवायची तर जिवंतच दाखवायची, असं काही त्यांनी जाहीर केलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना एवढंच विचारलं, "मांडव मला द्याल का?" अण्णा म्हणाले, "बांबू कुजण्यापेक्षा बरं." त्यांना वाटलं, भाजीपाला लावणार असेल.

जाळं दांडीहून, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून आणलं. दांडीच्या मंजुळाबाई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसत, वहिनींची त्यांच्याशी ओळख होती. जवळ्यासारखी बारीक कोळंबी धरायच्या जाळ्याचं शेपूट, म्हणजे टोकाकडची पिशवी, फार बारीक विणीची असते. तसली जुनी जाळी हवी होती, म्हणून वहिनी मला बरोबर घेऊन दांडीला गेल्या. मंजुळाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. मागणं ऐकून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"जुनं जाळं कशाला पायजे तुमाला, बाय?"

"फुलपाखरं ठेवायची आहेत."

"नि त्यांचं करनार काय? खायला तं नाय ना?"

"बघायला. मुलांना दाखवायला."

"बगायला जाळं कशाला? भाईर दिसतात की."

"बाहेर ती थांबत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

मंजुळाबाईंनी थोडा विचार केला. "ते बी खरं हाय," त्या म्हणाल्या आणि घरात जाऊन जाळ्यांचं मोठं भेंडोळं ओढत घेऊन आल्या. बदल्यात काही घेईनात. माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांना सांगा, माझा एक फोटू काडा." त्या आत गेल्या आणि सगळे दागिने, नवं लुगडं, केसांत अबोली अशा थाटात बाहेर आल्या. तो फोटो चांगला आला. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या ओटीवर होता.

जाळी विहिरीवर तीनतीनदा धुतली तरी वास जाईना. मांडवावर ताणून बसवल्यावर आळीतली सगळी मांजरं येऊन भोवती बसू लागली. वर कावळे. अण्णा हे सगळं पडवीतून बघत असत आणि कोणी रस्त्याने जाताना हसलं की आत जात. वहिनींनी मात्र आत रुई लावली, लिंबाची रोपं लावली, एक सोनचाफा, कडेने घाणेरी आणि जास्वंद. लिंबावर ठिपके घातल्यासारखी अंडी दिसली की पानासकट फांदी आत आणायची. अळ्या पहिल्यांदा पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात, आणि एक दिवस खाणं सोडून एखाद्या काडीला स्वतःला धाग्याने बांधून घेतात. कोशातून बाहेर आलेलं पहिलं फुलपाखरू वहिनींनी शाळेला उशीर होऊनही पूर्ण उडेपर्यंत पाहिलं. त्यांना शाळेला उशीर झालेला माझ्या माहितीत तेवढाच.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्यांनी शाळेची मुलं आणली, आणि मग दर रविवारी कोणी ना कोणी येऊ लागलं. आत शिरायला जुन्या साड्यांचे दोन पडदे होते. पहिला मागे पडल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. आत हळू चालायचं, खाली बघून पाऊल टाकायचं. बाहेर पडताना वहिनी प्रत्येकाला म्हणत, "पाठ दाखवा." अंगावर, केसांत एखादं फुलपाखरू बसून बाहेर चाललं नाही ना, ते बघायला. मोठमोठी माणसं निमूटपणे त्यांच्याकडे पाठ करून उभी राहत. बोईसरच्या कारखान्यांतले उत्तरेकडचे कामगारही यायला लागले. एक धिप्पाड माणूस पडद्याबाहेरच घुटमळत होता. "भाभीजी, ये काटती तो नहीं?" त्याने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नहीं. आप मत काटना." वहिनींनी केलेला विनोद मी तेवढाच ऐकला आणि तोही त्यांनी न हसता केला.

मला बोलावलं होतं फोटो काढायला. लग्नाच्या फोटोंवर माझं पोट चालत होतं, पण इथे ते कसब काही कामाचं नव्हतं. नवरा-नवरी सांगितल्यावर थांबतात. जाळ्यातून येणाऱ्या उन्हाच्या बारीक चौकटी सगळ्यावर पडत. फुलपाखराचा फोटो काढला की त्याने जाळीदार बंडी घातल्यासारखं दिसे. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या कड्या मुंबईहून आणल्या, त्याने जवळचं दिसू लागलं, पण श्वास सोडला तरी चित्र हलायचं. कोणीतरी मला सांगितलं होतं की फुलपाखरू बर्फाच्या पेटीत थोडा वेळ ठेवलं की गारठून गप्प बसतं, मग हवं तसं ठेवून फोटो काढता येतो. मी वहिनींना तसं म्हटलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्यामुलींना बर्फात ठेवता का?"

विषय तिथे संपला. मी गुडघ्यांवर बसायला शिकलो. पुष्कळसे रोल वाया गेले. कोशातून फुलपाखरू बाहेर येतानाचा फोटो मला हवा होता. त्याआधी कोश गडद होतो, आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागते. वहिनींनी निरोप धाडला, "उद्या सकाळी या." मी पहाटेच गेलो, तिवई लावून बसलो. ऊन वर आलं. काही होईना. वहिनींनी चहाला हाक मारली, मी आत जाऊन कप तोंडाला लावला आणि परत आलो तर कोश रिकामा आणि शेजारी काडीला चुरगळलेले पंख लोंबकळत ठेवून ते बसलेलं. वहिनी मागून आल्या. "चहा झाला का?" त्यांनी विचारलं. तो फोटो मला मिळाला पुढच्या हिवाळ्यात, चहा न घेता. मला वाटतं माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला फोटो आहे. वहिनींनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "पाय नीट आलेत." रंगीत फोटो त्यांना आवडत नसत. रंग खोटे येतात, म्हणत.

आता जे सांगायचं आहे ते... अण्णांना विचारून लिहितो आहे. "लिही," ते म्हणाले, "झालं तसं लिही."

मांडव सुरू होऊन काही वर्षं झाली होती. अण्णा कारखान्यात अजून तात्पुरतेच होते. त्यांच्यानंतर लागलेले काही जण कायम झाले होते. कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, एका रविवारी बायकामुलांना घेऊन मांडव बघायला आले. फार खूश झाले. जाताना त्यांनीही वहिनींना पाठ दाखवली. नंतर थोड्याच दिवसांत त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. बोईसरच्या काही मंडळींनी महोत्सव ठरवला होता, साहेब त्यांच्यात होते. मुंबईहून बडे पाहुणे यायचे होते. कबुतरं, फुगे सगळीकडेच सोडतात, आपण पाहुण्यांच्या हस्ते फुलपाखरं सोडू, अशी साहेबांची कल्पना होती. अण्णा "होय साहेब" म्हणून आले.

त्या रात्री मी जेवायला होतो. अण्णांनी भात कालवता कालवता सांगितलं. वहिनींनी वाढणं थांबवलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या.

"मी हो म्हणून आलोय."

"मग नाही म्हणून या. खोक्यात ती पंख आपटतात. दिवसभर कोंडली तर उघडल्यावर उडत नाहीत, पडतात."

"ओला कापूस ठेवू. भोकं पाडू." अण्णांचा आवाज अजून खालीच होता. "या महिन्यात माणसं कायम करतायत. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "मी येऊन साहेबांना सांगते. ते समजून घेतील."

"तू येऊ नकोस," अण्णा म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "एवढी वर्षं तुझ्या पगारावर घर चाललंय, ते मी कधी बोललोय का?"

वहिनींनी ताक वाढलं. मला वाटलं, अण्णा दुसऱ्या दिवशी साहेबांना काहीतरी कारण सांगतील. वहिनींनाही तसंच वाटलं असणार, कारण पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

महोत्सवाच्या दिवशी वहिनींना शाळेत परीक्षेचं काम होतं, त्या लवकर गेल्या. थंडीचे दिवस. सकाळच्या गारव्यात फुलपाखरं पानांखाली आखडून बसलेली असतात, हाताने उचलली तरी उडत नाहीत. हे अण्णांना ठाऊक होतं. पानमळ्यातल्या माणसाचा हात हलका असतो, एकही पान न दुखवता वेलीवरून पान खुडायची सवय. त्यांनी मिठाईची खोकी आणून ठेवली होती. प्रत्येकात ओला कापूस घातला, बारीक भोकं पाडली, मधे लिंबाची पानं ठेवली. हे सगळं त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला महोत्सवाच्या मंडळाने फोटो काढायला बोलावलं होतं आणि मी व्यासपीठासमोर कॅमेरा घेऊन उभा होतो.

पाहुणे यायला उशीर झाला. मंडप पत्र्याचा, उन्हाने तापलेला. खोकी टेबलाखाली ठेवली होती. स्वागत झालं, हार झाले, भाषणं झाली, आणि मग निवेदकाने सांगितलं की आता एक आगळा कार्यक्रम. साहेबांनी स्वतः खोकी टेबलावर मांडली, पाहुण्यांना झाकण उघडायला सांगितलं आणि म्हणाले, "वर बघा सर, फोटो घेतायत." पाहुणे हसून वर बघू लागले. एक-दोन फुलपाखरं उडाली, एक दिव्यांच्या माळेकडे गेलं. बाकीची खोकी उलटी केल्यावर टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पडली. टाळ्या चालू होत्या. मी बटण दाबलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी "अगं बाई" असं म्हटलेलं मला ऐकू आलं. मग कोणीतरी चटकन ते कापड चारी टोकांनी उचललं आणि व्यासपीठाच्या मागे नेऊन झटकलं. कार्यक्रम पुढे चालू राहिला.

मी मागे गेलो तेव्हा अण्णा ध्वनिक्षेपकाच्या तारांमध्ये उकिडवे बसून जमिनीवरून एकेक फुलपाखरू उचलत होते आणि रुमालात ठेवत होते. कारखान्याचा गणवेश अंगावर. मला बघून म्हणाले, "पाय सांभाळ."

संध्याकाळी आम्ही दोघं माहीमला पोचलो. वहिनी शाळेतून आल्या होत्या आणि मांडवात जाऊन आल्या होत्या. पडवीत दिवा लावून बसल्या होत्या. अण्णांनी रुमाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी गाठ सोडली, दिवा जवळ ओढला. पंखांची पूड रुमालभर पसरली होती. मला वाटलं, आता त्या बोलतील... त्या बराच वेळ एकेक बाजूला करत होत्या. "ही दोन जिवंत आहेत," त्या म्हणाल्या आणि साखरेचं पाणी करायला आत गेल्या. अण्णा तिथेच उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही आणि ते बसले नाहीत.

त्या दोनांतलं एक सकाळपर्यंत टिकलं नाही. दुसरं काही दिवस जगलं.

त्या महिन्यात अण्णा कायम झाले. पेढे आणले नाहीत. घरात भांडण झालं नाही, पण बोलणंही अगदी कामापुरतं उरलं. "पाणी तापलंय", "सुमनची फी भरायची आहे", एवढंच. मी जाऊन आलो की पालघरच्या घरी आल्यावर मला मोकळं वाटायचं. काही आठवड्यांनी वहिनी स्टुडिओत आल्या. एरवी त्या तिथे कधी येत नसत. ग्राहक जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

"भावजी, त्या दिवसाचा फोटो आहे ना?"

मी काढून दिला. मंडळाला मी दुसरे दिले होते, हा ठेवून घेतला होता. पाहुणे प्रसन्न हसून वर बघताहेत, साहेब बाजूला हात वर करून उभे आहेत, आणि खाली पांढऱ्या कापडावर ती फुलपाखरं. वहिनी म्हणाल्या, "मोठा करून द्या. हातभर."

त्यांनी तो काचेच्या चौकटीत घालून मांडवात, आतल्या पडद्याशेजारी टांगला. खाली काही लिहिलं नाही. आत येणाऱ्याला आधी त्या गृहस्थांचा हसरा चेहरा दिसे. काही जण ओळखत आणि "अरे वा, हे आले होते?" असं विचारत. मग त्यांची नजर खाली जाई. मुलांची नजर आधीच खाली जाई. वहिनी कोणालाच काही सांगत नसत. साहेब पुन्हा मांडवाकडे आले नाहीत. पुढे त्यांची बदली झाली.

त्यानंतरच्या वर्षी अण्णा रविवारी मांडवात काम करताना दिसू लागले. पाणी घालणं, वाळकी पानं काढणं, फाटलेल्या जाळ्याला गाठी मारणं. वहिनी एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. हळूहळू त्यांना कोश वहिनींच्या आधी सापडू लागले. मुलं आली की ते स्टुलावर पडद्यापाशी बसत, त्या फोटोच्या बरोबर खाली, आणि आत जाणाऱ्यांना चपला काढायला सांगत. मला ते बघवेना. एकदा वहिनी विहिरीवर एकट्या होत्या तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, पुष्कळ झालं. आता तो फोटो काढा. अण्णांना दर रविवारी त्याच्याखाली बसवता तुम्ही."

त्यांनी घागर खाली ठेवली. "मी काढला होता," त्या म्हणाल्या. "मागच्या दिवाळीत. त्यांनी परत लावला. राहू दे म्हणाले, मुलांना कळायला हवं." घागर पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, "रात्री बोलले ते. खूप वेळ बोलले..." काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी जेवताना अण्णा वहिनींना म्हणाले की उद्या दांडीला जाऊन मंजुळाबाईंकडून थोडं जाळं आणतो, उत्तरेकडची बाजू गेलीय. वहिनी म्हणाल्या, "मीही येते." मला आठवतं ते एवढंच, की घरात पुन्हा वाक्यं पूर्ण होऊ लागली होती.

नव्वदनंतरच्या एका वादळात मांडवाचं छप्पर बसलं आणि जाळं फाटून नारळांना लटकलं. फोटोची काच फुटली, फोटो चिखलात गेला. वहिनींची निवृत्ती जवळ आली होती, मंजुळाबाई वारल्या होत्या. मी म्हटलं, निगेटिव्ह आहे, दुसरी प्रत करतो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अण्णा म्हणाले, "नको आता." मांडव पुन्हा बांधायचा विषयही निघाला नाही. आतली लिंबं, रुई, सोनचाफा एव्हाना वाडीभर पसरले होते, आणि फुलपाखरं विहिरीपर्यंत, पडवीपर्यंत येत होती. कधी कोणी पाहुणा निघाला की वहिनी दारापर्यंत जात आणि सवयीने त्याच्या पाठीकडे बघत.

वहिनींचं तेरावं झालं. सुमन नाशिकला परत गेली. अण्णांना तिने बरोबर चला म्हणून खूप सांगितलं, ते गेले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी मी गेलो तर अण्णा स्वयंपाकघरात होते. चुलीपाशी त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. डाळ शिजवून ठेवली होती, कढईत तेल तापत होतं. मला पाटावर बसायची खूण करून ते मागच्या दाराने गेले आणि कढीपत्त्याची डहाळी तोडून आणली. लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं कढीपत्त्यावरही घालतात. वहिनींनी उलटून पाहिल्याशिवाय ती डहाळी कधी फोडणीत टाकली नाही. अण्णा खिडकीशी गेले, चष्मा लावला आणि एकेक पान बोटावर घेऊन उलटं करू लागले. तेलाला धूर यायला लागला. मी उठून कढई उतरवली. त्यांना ते कळलं नाही. शेवटून दुसऱ्या पानावर ते थांबले, मला जवळ बोलावून दाखवलं. नखाएवढी, पांढऱ्या-तपकिरी डागांची अळी. मग ते पुन्हा मागच्या अंगणात गेले आणि डहाळी झाडाच्या बेचक्यात नीट अडकवून ठेवली, खालचं टोक दुसऱ्या फांदीला लागेल अशी.

"दुसरी आणू का?" मी विचारलं.

"नको. एकीवर असली की बाकीच्यांवरही असतात, असं सांगायची तुझी वहिनी." त्यांनी हात धुतले, कढई परत चुलीवर ठेवली आणि मोहरी टाकली.

आमटी कढीपत्त्याशिवायच झाली. मीठ जरा जास्त पडलं होतं. आम्ही दोघांनी ती सगळी संपवली.